उणें कशाचें?

आमच्या घरांत लहानमोठीं मिळून सतरा माणसें. एवढ्या कुटुंबांत "अमुक संपलें" हें वाक्य दिवसांतून चारपांच वेळां तरी कानीं पडावयाचेंच. गेल्या आषाढांत एके दिवशीं ऐन नैवेद्याच्या वेळीं साखरेचा डबा रिकामा निघाला, तेव्हां मोठ्या वहिनींनीं "या घरांत साखरेचा दुष्काळ आहे!" असें म्हणून कपाळाला हात लावला. चौकशीअंतीं असें आढळलें कीं, साखर दुकानांत होती, पैसे फडताळांत होते, पिशवी खुंटीला टांगलेली होती. नव्हता तो फक्त दुकानापर्यंत जाणारा मनुष्य. प्रत्येकाला वाटलें, दुसरा कोणी आणील. साखरेची तूट म्हणून जी घरभर गाजली ती खरोखर माणसाची तूट होती, आणि तीहि सतरा माणसांच्या घरांत!

गोष्ट क्षुल्लक आहे. पण वसईसारख्या ठिकाणीं जन्म काढलेल्या माणसाला अशा गोष्टींतून पुष्कळ कांहीं उमगतें. आमच्याकडे पाण्याची तूट, मजुरांची तूट, पैशाची तूट हे शब्द सभांतून, वर्तमानपत्रांतून आणि ओट्यावरच्या गप्पांतून इतके वापरले गेले आहेत कीं, ते ऐकून आतां कोणी मान वर करीत नाहीं. परंतु जें उणें म्हणून सांगण्यांत येतें तेंच उणें असतें कीं दुसरेंच कांहीं, आणि तें भरून काढतांना नवें उणें कोणाच्या अंगणांत जाऊन पडतें, हें पाहण्याची तसदी आपण क्वचितच घेतों.

प्रथम एक जुनी हकीकत सांगतों. वसईचा किल्ला मराठ्यांनीं १७३९ च्या मे महिन्यांत घेतला, हें आपल्या घरांतील शाळकरी मुलाला देखील ठाऊक असतें. चिमाजी आप्पांचा निर्धार, तटाखालीं उडविलेले सुरुंग, खिंडारांत हजारोंनीं पडलेले वीर, हें सर्व आपण अभिमानानें वाचतों. त्या वेढ्याची हिशेबाची बाजू मात्र मुलांना सहसा कोणी सांगत नाहीं. पोर्तुगीज लोक वसईंत १५३४ पासून नांदत होते. दोनशें वर्षांत त्यांनीं येथें मठ, चर्चें आणि हवेल्या उभारल्या. उत्तरेकडील त्यांच्या मुलखाची ही राजधानी होती. तेव्हां संपत्तीची वाण नव्हती. पण ती संपत्ति चर्चच्या रुप्याच्या पात्रांत अडकून पडलेली, आणि शिबंदीला द्यावयाला रोकड नाहीं! गोव्याहून कुमक यावी, तर त्याच सुमारास व्यंकटराव घोरपडे फौजेसह गोव्याच्या मुलखांत उतरलेले. तेथील व्हाइसरॉयला स्वतःच्या घराचीच भ्रांत. अखेर वसईकर पोर्तुगीजांनीं मुंबईच्या इंग्रजांपुढें हात पसरला, आणि इंग्रजांनीं चर्चचें रुपें व कांहीं पितळी तोफा तारण ठेवून घेऊन पंधरा हजार रुपये कर्जाऊ दिले. ज्या तोफांनीं किल्ला राखावयाचा त्याच गहाण टाकण्याची पाळी आली, म्हणजे दारूगोळा संपण्यापूर्वींच पुष्कळसें संपलेलें होतें असें म्हणावयाला हरकत नाहीं.

आणि वेढा घालणारे तरी कोठें गबर होते? बाजीराव पेशव्यांनीं ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांतून कर्जाची तक्रार कशी वारंवार येते, तें इतिहासाच्या वाचकांना माहीत आहे. शिवाय त्याच वसंत ऋतूंत नादिरशहा दिल्लींत येऊन बसलेला. उत्तरेकडेहि माणसें हवींच होतीं. म्हणजे रोकडीची तूट दोन्हीं पक्षांना सारखीच. फरक होता तो माणसांचा. साष्टी-वसईंतील रयत पोर्तुगीजांच्या अमलाला विटलेली होती. गंगाजी नाईक अंजूरकरांसारखे स्थानिक लोक कित्येक वर्षें या मोहिमेसाठीं खटपट करीत होते. वाटा, खाड्या, भरती-ओहोटी यांची खबर देणारे हात मराठ्यांच्या बाजूला होते. पोर्तुगीजांना रुपें गहाण टाकून पैसा मिळाला. असे हात गहाणवटीवर मिळत नाहींत.

त्रेसष्ट वर्षांनीं त्याच वसईंत, ३१ डिसेंबर १८०२ रोजीं, दुसऱ्या बाजीरावांनीं इंग्रजांशीं तह केला, आणि सहा हजार तैनाती फौजेच्या खर्चासाठीं सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख लिहून दिला. फौजेची तूट भरून निघाली. राज्याची तूट कशी पडली तें सांगावयास नकोच. असो. इतिहासांत फार रमलों तर मूळ विषय राहून जाईल.

आतां पाण्याकडे येऊं. वसई तालुक्याच्या दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस समुद्र, पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर. वर्षाकांठीं दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस. दहा जुलै २०१८ च्या सुमारास तर येथें इतकें पाणी तुंबलें कीं, नालासोपाऱ्याजवळ रुळ बुडून आगगाड्या अडकल्या आणि मिठागरांतील वस्तीचा मार्गच बंद झाला. अशा प्रदेशाला तहानलेला म्हणणें परक्याला थट्टा वाटेल. पण पाऊस चार महिन्यांचा आणि तहान बारा महिन्यांची, ही कोंकणची जुनीच रड आहे.

आमच्या पूर्वजांनीं या रडीवर जो उपाय काढला होता तो मोठा साधा होता. पश्चिमेकडील गांवांत जोतीं व वाड्या उंच करण्यासाठीं माती काढली जाई, आणि माती काढलेल्या खोलगट जागीं पावसाचें पाणी सांठे. त्या तळ्याला आमच्याकडे बावखल म्हणतात. प्रत्येक आळीला एखाददुसरें बावखल असावयाचें. तें पाणी हळूहळू जमिनींत मुरे, भोंवतालच्या विहिरींना झरे देई, आणि गोड्या पाण्याचा हा भार जमिनींत असल्यामुळें समुद्राचें खारें पाणी आंत शिरत नसे. विहिरीवर राहाट असे. गोल फिरणारा बैल, कुरकुरणारें लांकूड, एकामागून एक वर येणारीं गाडगीं आणि पन्हळींतून केळींच्या दांड्यांत धांवणारें पाणी. या आवाजावर माझ्या बालपणच्या सकाळी उजाडल्या. या पाण्यावर केळी, पानवेली आणि फुलझाडें पोसलीं. आगाशीची सुकेळीं ज्यांनीं चाखलीं असतील त्यांना या पाण्याची गोडी निराळी सांगावयास नको.

मुंबईंत घरें मिळेनाशीं झालीं तेव्हां लोंढा उत्तरेकडे वळला. मुंबईची तूट ती घरांची. ती वसईच्या भाताच्या जमिनींनीं भरून काढावयाचें ठरलें. १९८० नंतरच्या दशकांत वसई रोड, नालासोपारा, विरार या स्टेशनांभोंवतीं इमारती उठूं लागल्या, आणि १९९० सालीं सिडकोची या भागाचें नियोजन करणारी संस्था म्हणून नेमणूक झाली. इमारतींना भिंती होत्या, जिने होते, गच्चीवर टांक्या होत्या. टांक्यांत घालावयाचें पाणी कोठून येणार, याचा विचार मात्र कोणीं केलेला दिसत नव्हता. तो टँकरवाल्यांनीं केला. पश्चिमेकडच्या बागायतींतील विहिरींना पंप लागले आणि रात्रंदिवस पाणी पूर्वेकडे जाऊं लागलें.

येथें आमच्या घरची हकीकत सांगणें भाग आहे. आमच्या वाडीशेजारची विहीर अशाच एका टँकरवाल्यानें भाड्यानें घेतली. वर्षभर आम्हांला कांहींच जाणवलें नाहीं. विहिरींत पाणी दिसत होतें, राहाटाऐवजीं बसविलेला आमचा पंपहि चालत होता. बिघाड प्रथम ओळखला तो माझ्या आईनें, आणि तोहि विहिरीवर नव्हे, चुलीपाशीं. तुरीची डाळ शिजेना. पहिल्या दिवशीं वाण्याला दोष दिला, दुसऱ्या दिवशीं डाळ बदलली, तिसऱ्या दिवशीं तिनें तीच डाळ माहेरच्या विहिरीचें पाणी मागवून शिजविली आणि ती लोण्यासारखी शिजली. पाणी मचूळ झालें होतें. पुढें दोन उन्हाळ्यांत केळींच्या पानांच्या कडा करपल्या आणि पानवेल तर गेलीच. विहीर आटली असती तर लोक धांवले असते. ती भरलेली राहून निकामी झाली. पाण्याचें उणें डोळ्यांना न दिसतां जिभेला कळावें, असा हा प्रकार.

असें घरोघर घडूं लागलें तेव्हां गांवें उठलीं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें हरित वसई संरक्षण समिति उभी राहिली. हिंदु आणि ख्रिस्ती, बागायतदार आणि शाळामास्तर, आणि विशेषतः बायका, मोर्चांत उतरल्या. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक म्हणून दिब्रिटोंना मराठी वाचक ओळखत होताच. पुढें २०२० सालीं उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, आणि २५ जुलै २०२४ रोजीं त्यांचें निधन झालें. टँकरमालकांच्या धंद्याविरुद्ध बोलणें त्या काळीं सोपें नव्हतें, इतकें सांगितलें म्हणजे पुरे. तथापि एक गोष्ट माझ्या मनाला तेव्हांहि टोंचत असे आणि आजहि टोंचते. पलीकडे तिसऱ्या मजल्यावर हंडा घेऊन टँकरची वाट पाहणारी जी बाई होती, ती कांहीं आमची वैरीण नव्हती. तिनें आयुष्याची पुंजी घालून घर घेतलें होतें. नळाचें पाणी मिळेल असें तिला सांगण्यांत आलें होतें. आम्हांला लुटणारा आणि तिला लुटणारा एकच होता. भांडण मात्र पूर्वेचें आणि पश्चिमेचें, असें दिसे.

मग पाणी नव्हतेंच काय? होतें, आणि हीच या प्रकरणांतील मुख्य गोष्ट. सूर्या नदीवर धामणी येथें धरण बांधलेलें होतें, त्यांत पाणी सांठत होतें. नव्हती ती नळवाहिनी. २०११ च्या शिरगणतींत वसई-विरार शहराची वस्ती सुमारें १२ लाख २२ हजार भरली. त्या काळीं सूर्येच्या पहिल्या योजनेचें दररोज १० कोटि लिटर, उसगांवचें २ कोटि, पेल्हारचें १ कोटि आणि पापडखिंडीचें १० लाख, मिळून १३ कोटि १० लाख लिटर पाणी कागदावर होतें. भागाकार केला तर माणशीं १०७ लिटर पडतें. शहरांसाठीं धरलेलें प्रमाण १३५ लिटरांचें. हा भागाकारहि फसवा आहे, कारण गळणाऱ्या नळाला आणि नळच नसलेल्या घराला तो सारखेंच मोजतो. पुढें सूर्येचे आणखी १० कोटि लिटर आले. तोंपर्यंत वस्ती कितीतरी वाढलेली. मग मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानें दररोज ४० कोटि ३० लाख लिटरांची योजना हातीं घेतली. पैकीं १८ कोटि ५० लाख वसई-विरारला आणि बाकीचें मीरा-भाईंदरला. तिच्यासाठीं तुंगारेश्वराच्या डोंगरांतून सुमारें साडेचार किलोमीटरांचा बोगदा खणावा लागला. हें पाणी २०२३ सालच्या अखेरीस शहरांत पोंचूं लागलें. धरण भरल्यापासून नळाला पाणी येईपर्यंत मुलांचे बाप झाले आणि बापांचे आजोबा. या सर्व काळांत आपण "पाणी नाहीं" म्हणत होतों. वास्तविक नव्हता तो नळ, आणि नळासाठीं वेळेवर काढलेला पैसा.

परंतु सूर्येची कथा येथें संपत नाहीं. तें धरण मुळांत शहरांसाठीं नव्हतेंच. डहाणू, पालघर, विक्रमगड या भागांतील चौदा हजारांहून अधिक हेक्टर जमिनीला, आणि ती बहुतेक आदिवासींची, पाणी मिळावें म्हणून तें बांधलें. धरणाखालीं ज्यांचीं गांवें गेलीं तेहि आदिवासीच. शहरांकडे पाणी वळवावयास त्यांच्या संघटनांनीं विरोध केला, तेव्हां आमच्यापैकीं पुष्कळांनीं "आतां हे कोण आडवे आले?" असा सूर काढला. तीस वर्षांपूर्वीं टँकर अडवितांना आम्हीं जें बोलत होतों, तेंच ते बोलत होते! आमची तूट आम्हीं एका डोंगरापलीकडे ढकलली, एवढेंच. नळाला आलेलें पाणी मी आनंदानें पितों. पण ही गोष्ट आठवली कीं घोट जरा अडतो.

डोंगरापलीकडच्या याच लोकांवर आमच्या वाड्यांचें काम चालतें, हा आणखी एक योग. हल्लीं कोणत्याहि बागायतदाराला विचारा, "मजूर मिळत नाहींत" हेंच उत्तर येईल. सोनचाफा पहाटे खुडून पहिल्या गाडीनें दादरच्या बाजारांत पोंचवावयाचा; भाजीच्या पाट्या घेऊन बायकांनीं मुंबई गांठावयाची; या कामांना स्वतःच्या घरचे हात उरले नाहींत. मुलगे बँकांत आणि परदेशीं गेले. आमच्याच घरांत सतरांपैकीं माडावर चढूं शकणारा एकहि नाहीं, मग तक्रार कोणाविरुद्ध करावी? उलट जव्हार-मोखाड्यांतील माणूस म्हणतो, "आमच्याकडे काम मिळत नाहीं." दिवाळीनंतर सबंध कुटुंबें पोरांसह खालीं उतरतात, वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर राहतात, नाक्यावर सकाळीं उभीं असतात. जगांतील पहिल्या मोठ्या रोजगार हमीचा कायदा ज्या महाराष्ट्रानें १९७७ सालीं केला, त्यांतीलच हा जिल्हा. शंभर किलोमीटरांच्या आंत एकीकडे हातांची तूट आणि दुसरीकडे कामाची तूट! दोन तुटींची बेरीज शून्य व्हावयाला पाहिजे होती. ती होत नाहीं, कारण मधल्या जागेंत राहावयाला खोली नाहीं, पोरांना शाळा नाहीं, आणि मजुरी ठरविणारा मुकादम मात्र आहे.

२०२० च्या टाळेबंदींत हें उघडें पडलें. वालीव, गोखिवरें, सातिवली येथील कारखाने मार्चअखेर बंद झाले. मे महिन्यांत वसईच्या एका मोठ्या मैदानावर उत्तरेकडे जाणाऱ्या श्रमिक गाड्यांसाठीं हजारों माणसें उन्हांत, डोक्यावर गांठोडें घेऊन उभीं होतीं. पुढें कारखाने उघडले तेव्हां मालक म्हणूं लागले, कामगार नाहींत. दोन महिने ज्यांच्या जेवणाची सोय झाली नाहीं, ते जूनमध्यें यंत्रापुढें उभे राहतील अशी अपेक्षा करणें म्हणजे दाणा न घालतां कोंबडीकडे अंडें मागणें होय.

त्यानंतरच्या वर्षीं, १९ एप्रिल २०२१ रोजीं, कळंबोलीहून एक आगगाडी रिकामे टँकर घेऊन विशाखापट्टणला गेली आणि प्राणवायु भरून परत आली. त्या दिवसांत सारा देश प्राणवायूच्या तुटवड्यानें कासावीस झाला होता. पोलादाच्या कारखान्यांत प्राणवायु तयार होत होता. तो अतिथंड स्थितींत वाहून नेणारे टँकर पुरेसे नव्हते. त्याच एप्रिलांत नालासोपाऱ्याच्या एका रुग्णालयांत एकाच दिवशीं अनेक रुग्ण दगावले. प्राणवायु संपल्यामुळें, असें नातेवाइकांचें म्हणणें, आणि तें खरें नाहीं, असें रुग्णालयाचें. निवाडा करणारा मी कोण? परंतु ज्यांच्या घरचें माणूस गेलें त्यांना वायु उणा होता कीं गाडी उणी होती, हा भेद सांगून काय उपयोग!

पैशाविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण त्यांत सांगण्यासारखें थोडेंच आहे. चार नगरपरिषदा आणि त्रेपन्न ग्रामपंचायती एकत्र करून ३ जुलै २००९ रोजीं महानगरपालिका झाली. स्थानिक संस्था कर २०१५ सालीं बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला. तेव्हांपासून पालिकेची झोळी राज्य सरकारच्या भरपाईवर बरीच अवलंबून आहे. त्यांतून जून २०२० मध्यें नगरसेवकांची मुदत संपल्यावर पांच वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाहीं, म्हणजे "पैसे कोठें गेले?" असें विचारावयाला निवडलेला मनुष्यहि नव्हता. अंदाजपत्रकांत या तुटीचें सदर नसतें.

आमच्या आळीचें बावखल मात्र अजून शाबूत आहे. दोन वेळां तें बुजविण्याचा घाट घालण्यांत आला. गाड्या भरून राडारोडा रात्रीं येऊन पडला, आणि दोन्ही वेळां आळींतल्या पोरांनीं तो उपसला. गेल्या वैशाखांत मी विहिरींत गांठी मारलेली दोरी सोडून पाणी मोजलें. साडेअकरा हात. चव पाहिली, पूर्वीइतकें गोड नाहीं, पण मचूळपणा कमी झाला आहे. वहिनींनीं त्याच पाण्यावर डाळ चढविली आणि सवयीप्रमाणें घड्याळाकडे पाहत राहिल्या.

घरांत आतां नळ आहे, आणि बहुतेक दिवशीं त्याला पाणीहि येतें. तरी माझी चुलती, वय वर्षें एक्याण्णव, रात्रीं निजण्यापूर्वीं न्हाणीघरांतील तांब्याचें मोठें घंगाळ कांठोकांठ भरलें कीं नाहीं, हें चांचपून पाहिल्याशिवाय अंथरुणाला पाठ टेंकीत नाहीं. धाकट्या नातवानें परवां तिला विचारलें, "आजी, आतां नळ आहे ना?" ती म्हणाली, "नळ आहे रे. पण तूं आधीं घंगाळ भर."